एक किल्ली, शंभर घरं: अमेरिकेतली टोळ्यांची टपालचोरी आणि सरकारचे उपाय

प्रश्न थोडक्यात असा: न्यू जर्सीतल्या एका कॉम्प्लेक्समधली सामाईक पत्रपेटी दोन महिन्यांत दुसऱ्यांदा उघडी सापडली. कुलूप शाबूत, पेटीवर ओरखडासुद्धा नाही. त्याच आठवड्यात कोपऱ्यावरच्या पोस्टाच्या निळ्या पेटीत टाकलेला ४८० डॉलरचा चेक भलत्याच नावाने, ४,८०० डॉलरचा होऊन वटला. बँक म्हणते चौकशी चालू आहे, गावचे पोलिस म्हणतात हे फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या अखत्यारीतलं प्रकरण आहे, पोस्टाच्या खिडकीवर सांगतात ऑनलाइन तक्रार करा. मग सरकार नेमकं करतंय काय, आणि आपण कोणाच्या मागे लागायचं?

कुलूप शाबूत आहे, यातच निम्मं उत्तर आहे. पेटी फोडली नाही याचा अर्थ ती बहुधा किल्लीनेच उघडली. पोस्टमन पत्रं टाकताना आपल्या खणाची छोटी किल्ली वापरतच नाही. तो पेटीचं पोस्टाचं कुलूप उघडतो आणि पेटीचं अख्खं तोंड दारासारखं बाजूला येतं. सोळा घरांचे सोळा खण एका क्षणात समोर. या कुलपाच्या किल्लीला ‘ॲरो की’ म्हणतात. त्या भागातल्या रस्त्यावरच्या निळ्या पेट्या, अपार्टमेंटच्या भिंतीतली पॅनेल्स आणि कॉम्प्लेक्समधल्या सामाईक पेट्या हे सगळं तीच एक किल्ली उघडते. पोस्टमनने ती सकाळी सही करून घ्यायची आणि संध्याकाळी सही करून परत द्यायची, असा नियम आहे. पण टपाल खात्याच्याच महानिरीक्षक कार्यालयाने २०२० मध्ये तपासणी केली तेव्हा दिसलं, की देशभर अशा किती किल्ल्या फिरतायत याचा हिशोबच खात्याकडे नाही आणि हरवलेल्या किल्ल्यांची नोंदही धड होत नाही. घरमालकाने वाड्याची मास्टर किल्ली किती जणांना दिली हेच विसरावं, तसा प्रकार.

म्हणून चोरांना पोस्टमनच्या झोळीपेक्षा कमरेच्या किल्लीत जास्त रस. अमेरिकन आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं. २०२२ च्या आर्थिक वर्षात कामावर असलेल्या ४१२ पोस्टमनना लुटलं गेलं, आणि पुढच्या वर्षाच्या पहिल्या सहा महिन्यांतच हा आकडा ३०५ वर गेला. पेट्यांमधून मोठ्या प्रमाणावर टपाल चोरीला जाण्याच्या घटना २०२२ मध्ये ३८,५०० होत्या, पुढच्या सहामाहीत २५,००० च्या वर. चोरलेली किल्ली काळ्या बाजारात काही हजार डॉलरला जाते. एका रात्रीत दहा-बारा निळ्या पेट्या रिकाम्या करणाऱ्याला ते पैसे दुसऱ्या दिवशीच सुटतात.

याला उत्तर म्हणून मे २०२३ मध्ये टपाल खातं आणि त्याची तपास शाखा, म्हणजे पोस्टल इन्स्पेक्शन सर्व्हिस, यांनी ‘प्रोजेक्ट सेफ डिलिव्हरी’ जाहीर केला. त्यात धरपकड आहेच, पण खरा भर किल्लीची किंमत उतरवण्यावर आहे. जाडजूड बांधणीच्या १२,००० नव्या निळ्या पेट्या आणि ४९,००० जुन्या ॲरो कुलपांच्या जागी इलेक्ट्रॉनिक कुलपं, असा पहिला टप्पा ठरला. इलेक्ट्रॉनिक कुलूप नुसत्या धातूच्या किल्लीने उघडत नाही, त्यामुळे पोस्टमनला बंदूक दाखवून किल्ली हिसकावली तरी ती बिनकामाची ठरते. पोस्टमनवरच्या दरोड्याची माहिती देणाऱ्याला दीड लाख डॉलरपर्यंत आणि टपालचोरीच्या माहितीसाठी एक लाख डॉलरपर्यंत बक्षीस आहे.

दिशा योग्य आहे, वेग नाही. देशाच्या आकारापुढे ४९,००० कुलपं म्हणजे दर्या में खसखस. जुन्या किल्ल्या बदलण्यासाठी आणि पेट्या मजबूत करण्यासाठी पाच वर्षांत मिळून ७ अब्ज डॉलर द्या, आणि फेडरल कोर्टांच्या प्रत्येक जिल्ह्यात या गुन्ह्यांसाठी एक सरकारी वकील नेमा, अशी मागणी करणारं ‘प्रोटेक्ट अवर लेटर कॅरिअर्स ॲक्ट’ हे विधेयक २०२४ मध्ये काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकन संसदेत मांडलं गेलं. त्या ७ अब्जांवरून एकूण कामाचा अंदाज यावा. दुसरा वाद पोस्टल पोलिसांचा. हे गणवेशातले शिपाई. ऑगस्ट २०२० मध्ये आलेल्या आदेशाने त्यांना पोस्टाच्या इमारती आणि आवारापुरतं बांधून टाकलं. कायद्याने त्यांची हद्द तेवढीच आहे, असं खातं म्हणतं. रस्त्यावर पोस्टमन लुटले जात असताना आम्हाला फाटकावर उभं केलंय, असं त्यांची संघटना म्हणते. कायद्याचा कीस पाडला तर दोघांकडेही मुद्दे सापडतील. पण गणवेश रस्त्यावर दिसला नाही की चोराची हिंमत वाढते, हे समजायला वकील लागत नाही.

पूर्वी ही चोरी ‘मासेमारी’ची होती. दोरीला उंदराचा चिकट सापळा किंवा डिंक लावलेली बाटली बांधायची, निळ्या पेटीच्या झडपेतून आत सोडायची आणि चिकटून येतील ती पाकिटं ओढायची. न्यूयॉर्कमध्ये झडपेच्या जागी पत्रापुरती अरुंद फट असलेल्या पेट्या आल्या आणि तो प्रकार उतरला. चोर मग किल्लीकडे वळले. दार अवघड केलं की चोर किल्लीवाल्याला गाठतो, ही या सगळ्या प्रकरणातली मेख आहे.

चोरलेल्या टपालाचं पुढे काय होतं ते नीट समजून घ्या, कारण सरकारचे निम्मे उपाय त्या पुढच्या टप्प्यांवर आहेत. पेटी उघडणारा सहसा चेक वटवत नाही. एक जण पाकिटं फोडून चेक वेगळे काढतो, त्यांचे फोटो टेलिग्रामसारख्या ॲपवरच्या गटांत टाकून विकतो. कंपनीच्या चेकला व्यक्तीच्या चेकपेक्षा जास्त भाव, कारण खात्यात शिल्लक जास्त असते आणि मोठी रक्कम कुणाच्या डोळ्यात येत नाही. विकत घेणारा शाईने लिहिलेलं नाव आणि रक्कम धुवून काढतो, किंवा खाते क्रमांक उचलून नवाच चेक छापतो. शेवटी येतो ‘वॉकर’, म्हणजे स्वतःच्या खात्यात चेक भरून रोकड काढून देणारा. यात कॉलेजची पोरं सापडतात: खातं दोन दिवस वापरायला दे, चारशे डॉलर घे. पकडलं जातं ते बहुतेक वेळा हेच पोरगं, कारण त्याचं नाव आणि त्याचा चेहरा बँकेच्या कॅमेऱ्यात असतो. घरात वयात आलेली मुलं असतील तर हे एकदा जेवताना बोलून ठेवा.

या साखळीला मध्येच तोडायचं काम अमेरिकन अर्थखात्याच्या ‘फिन्सेन’ या विभागाचं. २७ फेब्रुवारी २०२३ ला त्यांनी सगळ्या बँकांना इशारा पाठवला आणि संशयास्पद व्यवहाराच्या अहवालात ‘फिन-२०२३-मेलथेफ्ट’ हा ठरावीक शब्द घालायला सांगितला. दिसायला कारकुनी काम, पण त्यामुळे ओहायोत भरलेला चेक आणि न्यू जर्सीत उघडलेली पेटी एकाच शोधात सापडू शकतात. बँकांकडून चेकच्या फसवणुकीचे अहवाल २०२१ मध्ये साडेतीन लाखांवर होते, २०२२ मध्ये ६ लाख ८० हजारांवर गेले. इशाऱ्यानंतरच्या सहा महिन्यांत ८४१ वित्तसंस्थांनी टपालचोरीशी जोडलेले १५,४१७ अहवाल दिले. त्यांतली रक्कम ६८ कोटी ८० लाख डॉलरपेक्षा जास्त. त्यांपैकी ४४ टक्के प्रकरणांत चेकवर फेरफार करून तो भरला होता, २६ टक्क्यांत तो नमुना म्हणून वापरून नवे खोटे चेक छापले होते, आणि २० टक्क्यांत मागे खोटी सही करून तसाच भरला होता. हे तीन प्रकार लक्षात ठेवा, बँकेशी भांडताना लागतील.

आता कायदा. चोरलेलं टपाल नुसतं जवळ बाळगलं तरी फेडरल कायद्यात पाच वर्षांपर्यंत कैद आहे. पोस्टाची किल्ली चोरणं किंवा तिची नक्कल करणं, दहा वर्षांपर्यंत. टपाल लुटताना हत्याराने पोस्टमनचा जीव धोक्यात घातला तर पंचवीस वर्षांपर्यंत. बँक फसवणूक, तीस वर्षांपर्यंत. म्हणूनच सरकारी वकील टोळीवर टपालचोरीबरोबर बँक फसवणुकीचं कलमही लावतात. शिक्षेच्या मार्गदर्शक नियमांत आणखी एक बारकी तरतूद आहे: निळ्या पेटीतून चोरी झाली तर किमान दहा जण बळी पडले असं गृहीत धरायचं, आणि सामाईक पेटी असेल तर त्या पेटीत जितके खण तितके बळी. त्यामुळे तुमच्या कॉम्प्लेक्समधल्या पंधरा घरांनी तक्रार केली नाही तरी कोर्टात सोळा धरले जातात. मात्र ती पेटी त्या आरोपीनेच उघडली हे आधी सिद्ध व्हावं लागतं, आणि तिथे तक्रारींचा उपयोग होतो.

म्हणून तक्रार कुठे करायची ते नेमकं सांगतो. बाहेरच्या माणसाने केलेली चोरी असेल तर पोस्टल इन्स्पेक्शन सर्व्हिस: १-८७७-८७६-२४५५, किंवा त्यांच्या संकेतस्थळावरचा तक्रार अर्ज. पोस्टाचाच कर्मचारी गुंतल्याचा संशय असेल तर ते प्रकरण महानिरीक्षक कार्यालयाच्या हॉटलाइनकडे जातं. इन्स्पेक्टरकडे लिहून बसलात तर कागद इकडून तिकडे फिरतो. गावच्या पोलिसांत रिपोर्ट करायचाच, ते ‘फेडरल आहे’ म्हणाले तरी. बँका पुष्कळदा पोलिस रिपोर्टचा क्रमांक मागतात आणि ओळखचोरीच्या पुढच्या कामांतही तो लागतो.

तक्रारीत ‘टपाल चोरीला गेलं’ एवढंच लिहून उपयोग नाही. पेटी कोणत्या पत्त्यावर, तुम्ही पत्र कधी टाकलं, त्या पेटीची शेवटची उचल किती वाजता (पेटीवरच्या पट्टीवर छापलेलं असतं), पेटी फोडली होती की किल्लीने उघडली होती, चेक क्रमांक, मूळ रक्कम आणि नाव, बदललेली रक्कम आणि नाव, हे सगळं द्या. बँकेच्या ॲपमधून चेकच्या दोन्ही बाजूंची प्रतिमा उतरवून ठेवा. बहुतेक जण पुढची बाजू पाहून हबकतात आणि तिथेच थांबतात. तपासणाऱ्याला हवी असते मागची बाजू. चेक ज्या बँकेत पहिल्यांदा भरला तिचा नऊ आकडी राउटिंग क्रमांक (बँकेची ओळख सांगणारा आकडा) आणि तारीख तिथे मशीनने छापलेली असते, वर मोबाइलने भरला असेल तर तसा मजकूरही. पुढच्या बाजूला धुतलेल्या चेकची खूण अशी: नाव आणि रकमेच्या ओळीखालची बारीक नक्षी पुसट झालेली, त्या भागाला ढगाळ पांढुरकी छटा, आणि तुमची सही मात्र ठसठशीत. सगळा चेकच वेगळ्या टाइपात, वेगळ्या नक्षीत असेल तर तो धुतलेला नाही, नवा छापलेला आहे.

हा फरक बँकेच्या अर्जात अचूक लिहा. रक्कम किंवा नाव बदललेला चेक असेल तर तुमची बँक तुम्हाला पैसे परत करून ते ज्या बँकेत चेक भरला गेला तिच्याकडून मागू शकते. फक्त रक्कम बदलली असेल तर मूळ रक्कम मात्र ती तुमच्या खात्यातून वजा धरू शकते. चेकच नवा छापून तुमची खोटी सही केली असेल तर तोटा साधारणपणे तुमच्याच बँकेच्या माथी. म्हणून दोन बँका ‘हा धुतलेला’, ‘नाही, हा छापलेला’ असं भांडत बसतात आणि तुम्ही ‘चौकशी चालू आहे’ ऐकत राहता. १ जानेवारी २०१९ पासून फेडरल रिझर्व्हच्या नियमात यावर तोडगा आहे: मूळ कागद उपलब्ध नसेल आणि वाद असेल, तर उलटं सिद्ध होईपर्यंत चेक बदललेला आहे असं धरायचं. बँकेच्या माणसाला हे ठाऊक असतंच असं नाही. लेखी विचारा.

मुदतीबाबत गाफील राहू नका. डेबिट कार्ड आणि ऑनलाइन व्यवहारांना जे ग्राहकसंरक्षणाचे फेडरल नियम लागू आहेत ते कागदी चेकला लागू नाहीत. इथे राज्यांचा व्यापारी कायदा चालतो. स्टेटमेंट आल्यावर वाजवी वेळेत कळवायचं, आणि काही झालं तरी एक वर्षानंतर दार बंद. खातं उघडताना सही केलेल्या करारात ही मुदत बऱ्याचदा ३० दिवसांवर किंवा त्याहून खाली आणलेली असते. एकाच चोराने पाठोपाठ चेक वटवले आणि तुम्ही पहिलं स्टेटमेंट ३० दिवस उघडलंच नाही, तर पुढचे चेक तुमच्या गळ्यात पडू शकतात. आणखी एक गोष्ट, जी ऐकून लोक चिडतात: भाड्याचा चेक घरमालकाच्या हाती पडण्याआधीच चोरीला गेला असेल तर भाडं भरलं असं होत नाही. ते दुसऱ्या मार्गाने लगेच भरा, लेट फी माफ करा म्हणून पोलिस रिपोर्ट जोडा.

त्या एका चेकवर ‘स्टॉप पेमेंट’ टाकून स्वस्थ बसू नका. वर सांगितलेली २६ टक्के प्रकरणं आठवा. खाते क्रमांक एकदा बाहेर गेला की पुढचा चेक कोणत्याही क्रमांकाचा येऊ शकतो. खातं बदलायचं आणि जुन्या खात्यावर चेक वटणार नाहीत अशी सोय बँकेकडून लेखी करून घ्यायची. पगार आणि हप्ते नव्या खात्यावर वळवल्याशिवाय जुनं बंद करू नका, नाहीतर घराचा हप्ता परत जाईल. चेकबरोबर टॅक्सचे किंवा सोशल सिक्युरिटी क्रमांकाचे कागदही गेले असतील तर इक्विफॅक्स, एक्सपीरियन आणि ट्रान्सयुनियन या पत नोंदवणाऱ्या तिन्ही संस्थांकडे क्रेडिट फ्रीझ करा, म्हणजे तुमच्या नावावर दुसऱ्याला कर्ज काढणं अवघड होतं. २०१८ पासून ते फुकट आहे.

महाराष्ट्र मंडळांच्या खजिनदारांसाठी वेगळं सांगायला हवं. दिवाळीच्या सुमाराला देणग्यांचे चेक एकाच पत्त्यावर येतात, आणि पाकिटावर संस्थेचं नाव ठळक असतं. घरच्या पत्त्याऐवजी पोस्ट ऑफिसातली बॉक्स घ्या. मंडळाकडून जाणाऱ्या चेकसाठी बँकेची ‘पॉझिटिव्ह पे’ सेवा (आलेला चेक तुम्ही दिलेल्या यादीशी जुळवून मगच वटवणारी) लावा आणि त्यात नावाचीही पडताळणी आहे ना ते विचारा. काही बँकांच्या साध्या प्रकारात फक्त क्रमांक आणि रक्कम जुळवतात, त्यामुळे नाव बदललेला चेक सरळ निघून जातो.

सरकारने स्वतःपुरता मात्र मुळावरच घाव घातलाय. २५ मार्च २०२५ च्या राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने ३० सप्टेंबर २०२५ पासून फेडरल सरकारने कागदी चेक देणं बंद करावं असं ठरलं. कायद्यात बसणारे अपवाद ठेवले आहेत. खात्यात थेट जमा होणाऱ्या रकमेपेक्षा सरकारी चेक हरवल्याची, चोरीला गेल्याची किंवा बदलल्याची तक्रार येण्याची शक्यता १६ पट आहे, असा हिशोब त्याच आदेशात दिलाय. टॅक्स रिफंड अजून चेकने मागवत असाल तर रिटर्नमध्ये खाते क्रमांक भरा. सगळ्या उपायांत हाच मला सर्वांत परिणामकारक वाटतो. किल्ली कितीही चोरा, पेटीत वटवण्यासारखं काही नसेल तर ती चोरण्यात अर्थ नाही.

कागद वापरावाच लागला तर पाकीट पोस्टाच्या आतल्या खिडकीवर द्या. निळ्या पेटीत टाकायचं तर शेवटच्या उचलीआधी. रविवारी आणि फेडरल सुटीच्या आदल्या संध्याकाळी तर नाहीच. रंगद्रव्याच्या शाईचं जेल पेन वापरा, ती शाई कागदात मुरते आणि सहज धुतली जात नाही. नव्या छापलेल्या चेकपुढे मात्र तिचा काही उपयोग नाही. ‘इन्फॉर्म्ड डिलिव्हरी’ ही पोस्टाची मोफत सेवा रोज सकाळी येणाऱ्या पत्रांच्या पुढच्या बाजूचे फोटो पाठवते. फोटो आला आणि पत्र आलं नाही, असं दोन-तीनदा झालं की ते फोटो जपून ठेवा आणि तक्रारीला जोडा.

तुमच्या कॉम्प्लेक्सच्या पेटीचा प्रश्न दोन मालकांचा आहे. पेटी बहुधा असोसिएशनची किंवा घरमालकाची असते, पण तिच्यातलं ॲरो कुलूप पोस्टाचं. असोसिएशन ते स्वतः बदलू शकत नाही, आणि पोस्ट नवी पेटी घेऊन देत नाही. दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात आणि पेटी महिनोन्‌महिने तशीच राहते. असोसिएशनने स्थानिक पोस्टमास्तरला लेखी कळवायचं: या पत्त्यावरची पेटी या तारखांना किल्लीने उघडली गेली, ॲरो कुलूप बदलावं, शक्य असेल तर इलेक्ट्रॉनिक बसवावं. जुनी पातळ पत्र्याची पेटी असेल तर नवी घेताना पोस्टाची मान्यता असलेलीच घ्या (भिंतीतल्या पेट्यांसाठी ‘एसटीडी-४सी’ हे पोस्टाचं प्रमाण आहे), आणि कॅमेरा पार्किंगकडे न लावता पेटीच्या तोंडाकडे लावा. चेहरा आणि गाडीची नंबरप्लेट दोन्ही हवी असतील तर कॅमेरेही दोन लागतात.

राहता राहिला डिसेंबर. पुण्याला जायचं म्हणून लोक ‘होल्ड मेल’ लावतात, म्हणजे टपाल पोस्टातच थांबवून ठेवायला सांगतात, पण तो ३ ते ३० दिवसांचाच असतो. पाच आठवड्यांची रजा असेल तर शेवटच्या आठवड्यात टपाल पुन्हा पेटीत पडायला लागतं आणि तुंबलेली पेटी चोराला लांबूनच दिसते. अशा वेळी विश्वासातल्या माणसाच्या पत्त्यावर तात्पुरतं फॉरवर्डिंग लावा. ते किमान १५ दिवसांचं असतं. पत्ता बदलताना आता ओळख पटवावी लागते, कारण चोर तुमच्या नावाने पत्ता बदलून सगळं टपालच आपल्याकडे वळवायचे. बदलाची नोंद झाली की जुन्या पत्त्यावर पडताळणीचं पत्र येतं. तुम्ही काही मागितलेलं नसताना असं पत्र आलं, तर त्याच दिवशी पोस्टात जा.